पार्वताबाईंनी वाचल्याशिवाय नाही

राजापेठेतल्या आमच्या ऑफिसातून शेतकऱ्यांच्या मोबाइलवर फवारणीचे सल्ले जायचे. अफसानाताई नऊ वर्षं ते काम सांभाळत होत्या. प्रोग्रॅम बनवायच्या पद्धतीचं नवं नाव आलं की त्यांची भुवई वर जायची. आधी ‘अजाइल’ आलं, मग ‘डेव्हऑप्स’. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, असं त्यांचं मत, आणि माझंही.

त्यांचा एक शिरस्ता होता. प्रोग्रॅममध्ये काहीही बदललं की पहिला संदेश एकट्या पार्वताबाईंना, वलगावच्या एका शेतकरी बाईंना. ताई फोन करून तो मोठ्यानं वाचून घ्यायच्या, मगच बाकीच्यांना.

बोंडअळीच्या वर्षी श्याम आमचा प्रमुख झाला. मूळचा अकोल्याचा, पण पुण्यात राहून वऱ्हाडी बोली पार धुऊन आलेला. आता यंत्रच तपासेल, बदल आपोआप बाहेर जाईल, मध्ये माणूस नको, म्हणाला. वलगावचा फोन बंद करायचं ठरलं. ताईंचा चेहरा उतरला. मला तर श्यामचा रागच आला.

पहिल्याच सकाळी पडद्यावर सगळ्या तपासण्यांपुढे हिरवे दिवे लागले. ताईंनी पाच मिनिटं मागून घेतली, संदेश आधी एकट्या पार्वताबाईंना पाठवला आणि वलगावला फोन लावला.

“कपाशीवर गुलाबी अळी वाढली आहे. शेत पाहून सांगितलेल्या औषधाची फवारणी करा,” पार्वताबाईंनी वाचलं. “इतलंच हाय, बाप्पा. आमचे हे पंप भरूनच राहिले.”

ताईंनी आधी त्यांच्या नवऱ्याला, वामनरावांना, थांबवायला सांगितलं. कारण पुढचं वाक्य तुटलं होतं: आज वारा जोरात आहे, उद्या सकाळी फवारा. यंत्रानं तपासणी इंग्रजी मजकुरावर केली होती, आणि मराठी अक्षरं एका संदेशात त्याच्या निम्मीही मावत नाहीत. त्या वाऱ्यात औषध वामनरावांच्याच नाकातोंडात गेलं असतं. श्याम पांढराफटक पडला.

पण खरं ते खरं. त्याच्या नव्या पद्धतीनं त्यानं दहा मिनिटांत जुना प्रोग्रॅम परत सुरू केला आणि पूर्ण संदेश सगळ्यांना गेला. पूर्वी यात अख्खा दिवस जायचा. हे ताईंनीच कबूल केलं.

“श्यामभाऊ, हे मले शिकवा,” त्या म्हणाल्या. “नाव काही बी ठेवा.”

पुढच्या बदलाच्या वेळी तपासण्यांच्या यादीत शेवटची ओळ होती: पार्वताबाई. फोन श्यामनंच लावला. परका आवाज ऐकून त्यांनी अफसाना कुठं गेली म्हणून त्याला दरडावलं.

“ताई अठीच हायेत, काकू,” तो म्हणाला. “तुमी वाचा. मी ऐकून राहिलो.”