अर्धी पाळ

पाणी दिसलं की शालिकराव त्याला पूर्ण फेरी घालत. शालिकराव म्हणजे माझे यजमान. सौंदडजवळच्या आमच्या धानाच्या बांध्यांमागे एक बोडी आहे, लहानसा तलाव. रोज सकाळी चहाच्या आधी ते तिच्या मातीच्या पाळीवरून चालून येत. पाहुणे खोळंबोत, चहा निवो. मी चिडले की म्हणत, "अर्धी पाळ पाहिली म्हंजे पाहिलीच नाई. पाळ फुटते ते न पाहिल्या अर्ध्यातूनच."

शेतापुरतं हे ठीक होतं. पण शाळेत भूगोल शिकवताना उंचावरच्या हिमतळ्यांविषयी मी जन्मभर बोलत आले होते आणि एकही पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर काश्मीरला जायचं ठरवलं. मला सगळ्यांत वरचं तळं पाहायचं होतं. भाद्रपद सरत आलेला, धान निसवायला लागलेला, तरी हे निघाले. "मास्तरीणबाई म्हणते त जाऊन येऊ," असं गावभर सांगत.

पहिल्या तळ्याशी उभे राहून त्यांनी विचारलं, "इची पाळ कोठी आहे?"

"अहो, ही बोडी नाही. हे देवानं केलेलं तळं आहे."

"मंग देवाची पाळ पाहून येतो."

गेले. दगडांवरून धापा टाकत, सावकाश. वाटाड्या कुरकुरला. दुसऱ्या तळ्याशी पुन्हा तेच.

"अहो, दुपारी वर ढग उतरतात. चला ना!"

"तू काऊन धावून राहिली वो? तलाव पळते का?"

तलाव पळाला नाही, पण ढग उतरले. वरची वाट दिसेना. वाटाड्यानं आम्हाला खालूनच परत फिरवलं. गाडीत गोंदिया येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलले नाही. ते मात्र डब्यातल्या प्रत्येकाला सांगत होते, "पानी बढिया है, पर किसी ने सिंगाडा नहीं लगाया."

त्याच हिवाळ्यात त्यांची छाती दुखू लागली. दवाखान्यात चला म्हणून मी रोज मागे लागायची. "इतकुसं त दुखते. त्यात काय पाहाचं?" हे कोण म्हणतं, तर रोज पाळ तपासणारा माणूस! मळणी आटोपली आणि ते गेले. मी अजून त्यांच्यावर रागावलेलीच आहे.

यंदा भाद्रपदात मी एकटी गेले. खालच्या तळ्यांशी मुद्दाम थांबले नाही. वर पोचले तेव्हा लख्ख ऊन होतं. पाण्यातून तळाचे दगड दिसत होते. पलीकडून मात्र कडा सरळ पाण्यात उतरलेला. मी काठाकाठानं कड्यापर्यंत गेले, त्याला हात लावला, मागे आले. मग दुसऱ्या बाजूनं गेले. तिथंही कडा.

"उधर से रास्ता नहीं है, मॅडम," नवा वाटाड्या म्हणाला. "आप ढूँढ क्या रही हैं?"

तळं अर्धंच पाहिलं. म्हणजे पाहिलंच नाही. एवढ्या उंचावर, स्वतः गेल्यावरही, या माणसानं मला जिंकू दिलं नाही.