भावजींच्या टीव्हीला मी जुना गेम जोडला

चहा घ्या, नीट बसा. फजिती माझीच झाली, हे आधीच कबूल करून टाकते. म्हणजे मधेच "मग तुझं काय झालं?" असं कुणी विचारायला नको.

तर शेलारला, माझ्या माहेरी, माळा साफ करताना भावाला आमचा जुना व्हिडिओ गेम सापडला. कॅसेट घालायचा, वायरवाले रिमोट असलेला, तो! आमच्या आण्णांनी, म्हणजे वडिलांनी, कापडाच्या लूमवर डबल ड्युटी करून आम्हा भावंडांसाठी आणलेला. भाऊ फोनवर म्हणतो, "ताई, भंगारात टाकू का?"

"हात तोडीन!" मी म्हटलं, आणि दुसऱ्याच दिवशी तो पिशवीत घालून नारपोलीला, सासरी घेऊन आले.

आता आमच्याकडे काय झालेलं, की माझ्या दिरांनी, दिनेशभावजींनी, नुकताच पंचावन्न इंची टीव्ही घेतलेला. भिंतीला असा चिकटवलाय, की मागून झुरळाला जायचं झालं तर पोट आत घेऊन जावं लागेल. भावजींनी माझा गेम उलटसुलट करून बघितला.

"वहिनी, ह्या पिवळ्या-पांढऱ्या पिना घालायला आपल्या टीव्हीला भोकच नाही."

"नसेल तर पाडू!"

भावजी दोन्ही हात पसरून टीव्हीसमोर उभे राहिले. खरंच उभे राहिले!

आता माझं काम काय, तर राहनाळच्या गोडाऊनमध्ये मी रिटर्न सेक्शन सांभाळते. लोक ऑनलाइन वस्तू मागवतात आणि परत पाठवतात, तो माल माझ्या टेबलावर येतो. अहो, त्यातला अर्धा धडधाकट असतो! पाठवणाऱ्यांना लावताच येत नाही, आणि वर चिठ्ठी काय, तर 'पीस खराब आहे'. आम्ही पोरी पोट धरून हसतो. असली बाई मी, आणि मला एक वायर लावता येऊ नये?

"रविवारी दुपारी लावून दाखवते," मी सांगून टाकलं. "आणि खेळूनही दाखवते. शेलारमध्ये मला हरवणारा माणूस जन्माला आला नव्हता! नाही जमलं तर माझ्या हाताने भंगारवाल्याला देईन."

हे मी घरात बोलले. पण आमच्या सासूबाईंच्या कानावर पडलेली गोष्ट घरात राहते का? संध्याकाळपर्यंत आख्ख्या बिल्डिंगला रविवारचं आमंत्रण गेलं होतं.

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर मार्केटमध्ये इम्रानभाईंच्या दुकानात गेले. फोनमध्ये वाचून पाठ करून गेले होते. टीव्हीला एचडीएमआय, गेमला एव्ही, म्हणजे त्या पिवळ्या-पांढऱ्या पिना. ऐटीत म्हटलं, "भाई, एचडीएमआय टू एव्ही कन्व्हर्टर दो."

त्यांनी दिला. सगळं वायरिंग रविवारी सकाळी उठल्या उठल्या केलं. टीव्ही लावला, तर पंचावन्न इंचांवर दोनच शब्द, 'सिग्नल नाही'. पिना काढल्या, पुसल्या, फुंकल्या, परत घातल्या. नाही म्हणजे नाही! भावजी सोफ्यावर बसून चहात खारी बुडवत होते. नुसतं हसले. तेच जास्त लागलं हो!

गेले तणतणत दुकानात. कन्व्हर्टर काउंटरवर आपटला.

"भाई, ये पीस खराब है!"

हो, बोलले मी. तेच ते वाक्य, माझ्या तोंडून!

इम्रानभाईंनी कन्व्हर्टर उचलला, माझ्याकडे बघितलं. "भाभी, लूम देखा है ना? सूत अंदर जाता है, कपड़ा बाहर आता है."

"मेरे बाप ने चलाया है लूम. तो?"

"तो आप कपड़ा अंदर डालके सूत मांग रही हो. गेम से टीव्ही में जाना है, तो एव्ही टू एचडीएमआय बोलो. आपने उल्टा मांगा, मैंने उल्टा दिया."

बाजूचं गिऱ्हाईक हसलं. मीपण हसले. दुसरं करणार काय? त्यांनी दुसरा कन्व्हर्टर दिला आणि निघताना सांगितलं, "इसको बिजली भी लगेगी, यूएसबी से. और पुराना गेम है, बटन दबाने के बाद थोड़ा लेट होगा. घबराना मत."

हे शेवटचं वाक्य मी फारच मनावर घेतलं.

दुपारी घरात ही गर्दी! खालच्या मजल्यावरच्या बायका, समोरचे काका, सोफ्यावर जागा नाही म्हणून खाटेवर चार जण. मी टीव्हीच्या मागे हात घातला. मनगट सोललं, बांगडी अडकली, पण वायर लागली! कन्व्हर्टरला बिजली दिली. लाल दिवा लागला. गेमचं बटन दाबलं.

'सिग्नल नाही.'

"वहिनी, भंगारवाला चार वाजता येतो," भावजी म्हणाले.

आण्णा डोळ्यांसमोर आले. आणि तेवढ्यात लक्षात आलं, वायर दोन नंबरला घातलीय आणि टीव्ही एक नंबर बघतोय! रिमोट ओढला, सोर्स बदलला, आणि...

टॅण टॅण टॅडँ! तोच आवाज! तेच निळं आभाळ, तोच लाल चड्डीतला बुटका! माझ्या लहानपणी हाताएवढा होता, आता उशीएवढा झालेला. टाळ्या! शिट्ट्या! भावजी उठून उभे राहिले. "मानलं वहिनी!"

माझी छाती अशी फुगली म्हणता! गेमचा रिमोट घेऊन मांडी ठोकून बसले. स्टार्ट दाबलं. काही नाही. परत दाबलं. काही नाही. लेट होणार म्हणालेत ना? थांबले. पाच-सहा सेकंदांनी बुटका धावायला लागला!

आणि काय खेळले मी! खड्डा आला, उडी. पक्षी आला, बुटका वाकला. कधी कधी तर मी बटन दाबायच्या आधीच तो उडी मारायचा. मला वाटलं, मोठ्या टीव्हीवर हातच सुधारला. बायका ओरडतायत, काका "उचल उचल!" करतायत. सगळं परत पहिल्यापासून आलं, तर मी सांगितलं, "ही दुसरी लेव्हल. दिसते तशीच, पण अवघड असते."

तेवढ्यात कुकरच्या शिट्ट्या झाल्या. रिमोट सोफ्यावर टाकून धावले, गॅस बंद केला, पदराला हात पुसत परत आले. टाळ्या चालूच!

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "सुनंदा, तू कुकर बंद कराया गेलेलीस ना?"

"हो, आई."

"मंग यो कोन खेलतंय?"

पडद्यावर बुटका धावतोय. खड्डा आला, त्याने आपली आपण उडी मारली.

भावजींनी रिमोट उचलला आणि वायर ओढत ओढत टोकापर्यंत गेले. टोक टीपॉयखाली मोकळं पडलेलं. गेममध्ये घातलंच नव्हतं! कुणी बटन दाबलं नाही, की हा गेम नमुना दाखवायला आपोआप खेळतो; तो आपला जाहिरातीसारखा एकटाच खेळत होता, आणि मी पंधरा मिनिटं त्याला टाळ्या मिळवून देत होते.

जो हशा उठला, तो खाली गेटपर्यंत ऐकू गेला असेल. पण हार मानीन तर मी कसली? "लावा ती वायर! आता बघा!"

लावली. स्टार्ट दाबलं. या वेळी लगेच सुरू झालं. बुटका चार पावलं धावला आणि पहिल्याच खड्ड्यात गेला. दुसरा जीव, तोच खड्डा. तिसरा जीव, तर खड्ड्यापर्यंतही पोचला नाही.

सासूबाईंनी मायेनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"वायर काढून टाक गो. वायर नव्हती तवा लय भारी खेलत होतीस."