चौकशीला आलेलं पावणं

आमच्या गल्लीत गुपित ठेवायला जागाच नाही. घरं इतकी खेटून की समोर कांदा चिरला तर आमच्या डोळ्यांत पाणी येतं. शाळेत मी कुणाला बडवलं की ती बातमी माझ्याआधी घरी पोचलेली असायची, आणि आईचा हात फिरायच्या आधी वाटेतल्या घरांतून धपाटे मिळून गेलेले असायचे. मला रागवायचा हक्क सगळ्यांना होता, जेवायला वाढायचाही होता. त्यामुळे मी मोठ्या आवाजाची, कुणाच्याही घरात चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात घुसणारी आणि भांडण अर्ध्यावर न सोडणारी झाले. पुण्याची मावसबहीण म्हणते, तुझ्या अंगाला गल्ली लागलीय. लागलीच आहे, त्यात काय लपवायचं.

समोरच्या काकू या गल्लीच्या कारभारीण. सकाळचं आवरलं की त्या सूप घेऊन पायरीवर बसतात. तांदूळ निवडणं हे निमित्त, निवडायची असतात ती माणसं. त्यांच्या शेजारी किराणा दुकानातले मामा. ते नात्यानं माझे कुणी नव्हेत, अख्ख्या गल्लीचेच मामा आहेत. या दोघांच्या मधून मांजरसुद्धा चौकशी झाल्याशिवाय पुढे जात नाही.

आमच्याकडे लग्न जमवायचं म्हणजे पत्रिका, फोटो, चहापोहे हे सगळं नंतर. आधी मुलाकडचं कुणीतरी गुपचूप गल्लीत येऊन जातं. दुकानात बिस्किटाचा पुडा घ्यायचा आणि सहज म्हणून विचारायचं, "ते समोरचं घर कुणाचं? माणसं कशी हायत?" मुलगी कशी आहे हे घरचे खरं सांगणार नाहीत, गल्ली सांगेल, असा त्यामागचा भोळा विश्वास. असं पावणं गल्लीच्या तोंडाशी गाडी लावतानाच ओळखू येतं.

मागे कागलचं एक स्थळ आलं. मोठी शेती, मुलगा दिसायला बरा, वडील एकदम खूश. फक्त लग्नानंतर मी नोकरी सोडायची होती. मी काकूंच्या पायरीवर जाऊन भोकाड पसरलं.

"रडू नगं," काकू म्हणाल्या. "चौकशीला येतील तवा बघतो आम्ही."

कागलचं पावणं आलं. मामांनी माझी तोंडभरून स्तुती केली. "पोरगी म्हंजे सोनं! राग आला तर भांडी फेकती, पण माणसाला लागंल असं फेकत न्हाई."

काकूंनी सुपातून मान वर न काढता भर घातली, "आणि आता झोपंत चालायचं पण लय कमी झालंय की."

पावणं बिस्किटाचा पुडा दुकानातच विसरून गेलं. वडील अजून म्हणतात, पत्रिका जुळली नसेल.

त्यानंतर मला माझ्या मनानं एक मुलगा आवडला. इचलकरंजीचा, माझ्याच ऑफिसातला. त्याला माझ्या नोकरीचं आणि माझ्या आवाजाचं काही वावडं नव्हतं. घरी सांगितलं, वडील थोडे फुगले, मग निवळले. त्याच्या घरात शब्द चालायचा तो आईचा, आणि आई एवढंच म्हणाली होती, 'आधी मी चौकशी करीन, मग बघू.' तिचं 'नाही' आलं तर तो ते मोडणार नाही, हे त्यानं मला तोंडावर सांगितलं होतं. मला त्याचा भयंकर राग आला होता, पण लग्न करायचं तर याच्याशीच, हेही पक्कं होतं.

ही गोष्ट मी जन्मात पहिल्यांदा गल्लीपासून लपवली. नाहीतर जमायच्या आधीच तालमीच्या पोरांनी अभिनंदनाचा फ्लेक्स लावला असता आणि त्याला धरून आणून तांबडा रस्सा प्यायला बसवलं असतं. एकदा ठरू दे, मग सांगू, असं मी म्हटलं. या गल्लीत वाढूनही मी एवढी मूर्ख कशी राहिले, कोण जाणे.

रविवारी सकाळी डोक्याला तेल थापून मी वरच्या गॅलरीत कपडे वाळत घालत होते. खाली मामांच्या दुकानात एक बाई बिस्किटाचा पुडा घेत होत्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी. त्यानं मोबाइलवर फोटो दाखवला होता, म्हणून चेहरा मी लगेच ओळखला. त्याची आई! तोवर मामांनी काकूंकडे बघून भुवई उडवली होती.

"त्या घरातली पोरगी कशी हाय ओ?" बाईंनी विचारलं.

"सोनं हाय," मामा म्हणाले.

मी वरून दोन्ही हात हलवले. नको, नको! काकूंनी वर पाहिलं आणि समजुतीनं मान डोलावली. त्यांना वाटलं, मला हे स्थळ नको आहे.

"भांडी फेकती," त्या म्हणाल्या.

मी हात जोडले, कपाळ बडवून घेतलं, कठड्यावरून निम्मी बाहेर वाकले. अजून कमी पडतंय, असा काकूंनी त्याचा अर्थ लावला. "आणि म्हातारी माणसं तिला बघवत न्हाईत. सासू तर नगंच म्हणती."

मामा कशाला मागे राहतील! "एका पावण्याला चावलीबी होती. पण वरवर."

मी ओला टॉवेल हातात तसाच धरून जिना उतरले. अंगात गाऊन, केस तेलकट, पाय अनवाणी. गल्लीच्या मधोमध उभी राहून ओरडले, "काकू, गप बसा की! हे स्थळ मला पायजे हाय!"

काकूंच्या हातातलं सूप कललं आणि तांदूळ पायरीवर सांडले. मामा बरण्या पुसायला लागले.

"मग आधी सांगायचं न्हाई व्हय गं?" काकू रडकुंडीला आल्या. बाईंकडे वळून म्हणाल्या, "ताई, शप्पत घेतो, सगळं खोटं बोललो मी. पोरगी लाखात..."

बाईंनी हातानं त्यांना थांबवलं. मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. आता संपलं सगळं, असंच मला वाटलं.

"मी पण गल्लीतच वाढलोय," त्या म्हणाल्या. "पोरगी खरंच वाईट असती तर ह्यांनी 'चांगली हाय' म्हणून विषय मिटवला असता. परक्याच्या लेकीसाठी एवढं जीव तोडून खोटं कोण बोलतंय?" मग त्यांचा आवाज उतरला. "पण एक सांगतो. आम्ही आता फ्लॅटमध्ये राहतोय. शेजारी कोण हाय, मलाबी म्हाईत न्हाई. तिथं तुझ्यासाठी असं बोलणारं कोण मिळायचं न्हाई. चालंल?"

या गल्लीच्या डोळ्यांपुढून कधी एकदा सुटते, असं मला लहानपणापासून झालं होतं. आता सुटका समोर उभी होती आणि मला हुंदका आवरेना. 'हो' म्हणायचं होतं, पण तोंडातून शब्दच फुटत नव्हता. शेवटी काकूंनीच पदरानं डोळे पुसले आणि माझ्या वतीनं, गल्लीभर ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "व्हय. चालंल तिला."