पूजेतून उचललेला पाना

तेलाने पुसलेल्या लोखंडाला ओले कुंकू लागले की एक निराळा वास सुटतो. त्यात थोडा गंज असतो, थोडा झेंडू, आणि आश्विनातल्या कोवळ्या उन्हाने तापू लागलेल्या शेणसारवणाचा ओलावा असतो. खंडेनवमीची सकाळ माझ्यासाठी याच वासाने उजाडते. शेजारीपाजारी त्या दिवशी नांगर, विळे, कुऱ्हाडी पुजतात. आमच्या पाटावर मात्र मान असे तो नळाच्या सामानाचा: नळीला आटे पाडायची डाय, करवत, जोडाला गुंडाळायच्या तागाची गुंडी, त्यावर फासायच्या सफेद्याचा डबा आणि मधोमध पाना. आमचे हे गावच्या नळावर कामाला होते. गाव उंद्रीपासून थोड्या अंतरावरचे, आणि नळ तर इतका नवा की बायका तोटीलाही हळदकुंकू वाहून पाणी भरत.

सासूबाईंचा एक रिवाज होता. कुंकू लावताना प्रत्येक हत्याराचे नाव तोंडाने घ्यायचे. "पाव्हन्याले नाव घेऊन बलावलं तरच तो पाटावर बसते," असे त्या म्हणत. माझा आवाज एरवी चुलीपासून ओसरीपर्यंतही पोचत नसे. पण त्या दिवशी मला बोलावेच लागे, आणि बोलता बोलता ती नावे माझी झाली.

पाना हा शब्द माझ्या चौथीपर्यंतच्या पुस्तकांत कुठे आला नव्हता. तो कुठून आला हे मला आजही माहीत नाही. पण त्याचा अर्थ मी तळहाताने शिकले. इंजिनवाला पाना मागतो तेव्हा त्याच्या मनात चपटा, दोन कानांचा, बोल्टाच्या चाकीला धरणारा तुकडा असतो. नळवाल्याचा पाना जाडजूड, दात असलेला. त्याचा जबडा लहानशा चक्राने पुढेमागे होतो आणि गोल, गुळगुळीत नळीलाही तो पकडतो. पण एकाच अंगाने. त्या अंगाने ओढाल तितका तो घट्ट चावतो, उलट लावला की नुसता घसरतो. हे मला कोणी शिकवले नाही. अंगणात काम चाले, हे मागे न पाहता हात पुढे करून नाव घेत, मी ती वस्तू त्या हातात ठेवी, आणि मग पदराआडून पाहत राही.

एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली, विहिरींचे तळ उघडे पडले, आणि दूरच्या तलावातून वीज असेल तेव्हा भरणारी गावची टाकी, तेवढेच काय ते पाणी उरले. खंडेनवमीला हत्यारांना सुट्टी, म्हणून हे पहाटेच जानेफळला नणंदबाईंना आणायला गेले होते. माझी पूजा नुकतीच आटोपली होती, तोच बाहेर आरडाओरडा झाला. टाकीखालचा जोड सैल होऊन पाणी उडत होते.

मी घागर घेऊन धावले तेव्हा सगळे गाव तिथेच होते. जोड टाकी आणि पाणी तोडायचा वॉल यांच्या मधला, म्हणून वॉल बंद करूनही उपयोग नव्हता. दसऱ्याचे पाणी, त्यानंतरच्या कितीतरी दिवसांचे पाणी, उन्हात रुपेरी फवारा होऊन तापल्या धुळीत जिरत होते. आणि जिरताना मातीचा जो गोड वास येत होता, त्याचा त्या दिवशी राग आला.

संपतभाऊ आमचे शेजारी, त्यांच्याकडे शेतावरचे इंजिन. ते आपला चपटा पाना घेऊन आले. तो नळीवरून घसरला, पुन्हा घसरला.

"भाऊ, नळाले इंजिन समजून राह्यले का?" कोणीतरी म्हणाले.

"पाना त पानाच असते ना बे," संपतभाऊ चिडले.

"हा नाही," मी म्हणाले. "पाइप-पाना लागते."

माणसे वळली. "कोन बोललं?"

"नळवाल्याची बायको."

"हिले वाचा हाय? मले वाटे मुकी हाय."

कोणी हसायची वाट न पाहता मी घरी आले. पाटावर पाना कुंकवाने माखून बसला होता, त्याच्या दातांत झेंडूची पाकळी अडकलेली. पूजलेले हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उठवत नाहीत. उठवले तर घरच्या कर्त्याच्या हातावर बेतते, अशी आमच्याकडे समजूत. सासूबाई दारात उभ्या होत्या. मी टाकीकडे बोट दाखवले. त्यांनी बाहेरच्या गलक्याकडे कान दिला.

"नाव घेऊन उचल," त्या म्हणाल्या. "नावानं बसवलं, त नावानंच उठव. काऊन उभी राह्यली वं? पानी थांबते का कोनासाठी?"

मी नाव घेतले. उचलताना तो नेहमीपेक्षा जड लागला.

संपतभाऊंनी तो माझ्याकडून घेतला, उलट लावला, आणि तो सुटला. मग मी हात पुढे केला. त्यांनी माझ्याकडे पाहिले, पाना दिला आणि दोन्ही हातांनी नळी धरून ठेवली. पाणी तोंडावर येत होते, पदर कधीच खाली आला होता. मी चक्र फिरवून जबडा जुळवला, अंगाचा भार दांड्यावर टाकला. दात बसल्याचे हाताला कळते. ती बारीक कुरकूर मला मनगटापर्यंत जाणवली. फवाऱ्याची दोरी झाली, दोरीचा धागा झाला, आणि धागा तुटला.

टाकीत निम्म्याच्या वर पाणी उरले होते. कोणी शाबासकी दिली नाही. बायकांनी घागरी रांगेला लावल्या, आणि माझी घागर कोणीतरी सगळ्यांच्या पुढे नेऊन ठेवली.

दिवस कलताना हे नणंदबाईंना घेऊन आले. रस्त्यातच त्यांना सगळे कळले होते. घरात न येता ते आधी टाकीकडे गेले. मी ओसरीवरून पाहत होते. दुसऱ्याने आवळलेल्या जोडाला आपल्या हाताने आणखी एक पीळ दिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. ते वाकले, जोडाभोवती बोटे फिरवली, कोरडी बोटे डोळ्यांसमोर धरून पाहिली, आणि तसेच परत फिरले. पाना मागितला नाही.

तांबूस उजेडात ते घराकडे येत होते आणि माझ्या छातीत काहीतरी भरून येत होते. पाणी वाचले म्हणून, की चार माणसांत पहिल्यांदा तोंडून निघालेला माझा शब्द बरोबर ठरला म्हणून, ते मी पुष्कळदा मनाशी विचारून पाहिले आहे.