ताटातली नोट

माकणीच्या नव्या शाखेच्या दारात मी औक्षणाचं ताट धरून उभी होते. अंगावर आईची निळी काठपदराची साडी. मनगटावर आदल्या दिवशी केबल ओढताना उठलेला ओरखडा. मी पतसंस्थेच्या अध्यक्षांना कुंकू लावलं, ओवाळलं. त्यांनी खिशातून नोट काढून ताटात टाकली आणि विचारलं, "ही कोण?"

आमचे व्यवस्थापक म्हणाले, "आपलीच पोरगी आहे, सर. हेड ऑफिसात वायरी-बियरी बघती." मग माझ्याकडं वळून हसत म्हणाले, "ठेव बाई ती नोट. तुझ्या परीक्षेला होईल."

सगळे हसले. मीही हसले. ते माझं हसणं अजून डोक्यातून जात नाही.

नोट मी घेतली. न घेणं म्हणजे अपमान. कुणाचा, ते कुणी विचारलं नाही.

त्याच वेळी पुण्यातल्या परीक्षा केंद्रात माझी खुर्ची रिकामी होती.

मी तेर गावची. घरातली पहिली पदवीधर. धाराशिवला या पतसंस्थेच्या हेड ऑफिसात नेटवर्कचं काम करते. गावोगावच्या शाखांमधले संगणक हेड ऑफिसशी जोडायचे आणि जोडलेले ठेवायचे. माकणीची शाखाही मीच जोडली होती. शाल-नारळ मिळाला तो यंत्रं पुरवणाऱ्या कंपनीच्या माणसाला.

नेटवर्किंगची पहिली परीक्षा पास होऊन मी नोकरीला लागले. आता वरच्या पातळीची द्यायची होती. एक लाईन बंद पडली तर निरोप दुसऱ्या वाटेनं कसा वळवायचा, दहा शाखांच्या शंभर शाखा झाल्या तर सगळं कसं पेलायचं, असा तो अभ्यास. इंग्रजीत. मी मराठी शाळेतली. एकेक पान दोनदा वाचावं लागायचं. सकाळच्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली की पुस्तक उघडायचं. खड्डा आला की ओळ हरवायची. दुपारी डबा खाताना एका कानात धडा, दुसरा कान ऑफिसच्या फोनसाठी मोकळा. घरी धान्याच्या कोठीवर भंगारातून आणलेला, संगणक एकमेकांना जोडणारा एक जुना स्विच ठेवला होता, सरावासाठी. चालू केला की घरघरायचा. आई म्हणायची, "सुरू झालं का तुझं जातं?"

परीक्षेची रजा मी महिनाभर आधी मागितली होती. साहेबांनी, म्हणजे आमच्या व्यवस्थापकांनी, मान डोलावली होती. मग उद्घाटनाची तारीख ठरली, नेमकी तीच. साहेबांनी बोलावून घेतलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "परीक्षा काय, पुन्हा देता येती," म्हणाले. "पाहुण्यांना ओवाळायला बाईमाणूस नको का आपल्याकडं?"

आमच्याकडं हा रिवाजच. शाखा उघडली की पायरीवर साड्या नेसलेल्या मुली हव्यात. त्यांचं काम काय, शिक्षण काय, कुणी विचारत नाही. पुरुष आपापल्या टेबलामागं उभे असतात.

मी घरी सांगितलं. आई म्हणाली, "साहेबाचं मन मोडू नगं, बाई. त्यांनी तुला खुर्ची दिली."

खरंच दिली होती. ओळख नाही, वशिला नाही, तरी मुलाखतीत त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं होतं. मी उपकार मानत होते. आजही मानते.

म्हणून मी माकणीला गेले.

त्यानंतर अभ्यासाला बसले की ओळीवर नजर ठरेना. एसटीत पुस्तक उघडायचं, मिटायचं. कामावर हात चालायचे, मन नाही. ती नोट आईनं त्याच दिवशी देवापुढं ठेवली होती. येता-जाता दिसायची. एक दिवस तिच्याकडं बघताना शाळा आठवली.

आई गावच्या शाळेत पोषण आहार शिजवते. कुणी अधिकारी आले की तिला चुलीपासून उठवायचे. ती हात धुवायची, पदर सारखा करायची, ताट घेऊन फाटकात उभी राहायची. मी वर्गाच्या खिडकीतून बघायचे. माझी आई साहेबांना ओवाळते, याचा मला अभिमान होता. ओवाळून झालं की ती परत चुलीकडं जायची. साहेब तिच्या हातची खिचडी खाऊन, शिक्षकांचं कौतुक करून निघून जायचे. तिचं नाव कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

तिला ताट मिळालं. मी शिकले, पदवी घेतली, आणि मलाही ताटच.

मी परीक्षेची नवी तारीख घेतली. रजेचा अर्ज दिला. आणि कळंबच्या शाखेचं उद्घाटन त्याच दिवशी निघालं. या वेळी साहेबांनी विचारलंसुद्धा नाही. जाता जाता म्हणाले, "तीच निळी नेस. फोटोत चांगली दिसती."

"साहेब, मी येणार नाही. माझी परीक्षा आहे."

ते थांबले. "तुला इथं कुणी आणलं, विसरलीस काय?"

"विसरले न्हाय. नेटवर्कच्या कामाला आणलं तुमी. ताट धरायला न्हाय."

त्यांच्यापुढं मी कायम जपून बोलायचे. त्या दिवशी घरची बोली आली. मी ती येऊ दिली.

परीक्षा दिली. नापास झाले. थोडक्यात, पण नापासच. परत आले तर माझ्या टेबलावर दुसरं कुणी होतं. मला चौकशीच्या खिडकीत बसवलं होतं. साहेब म्हणाले, अभ्यासाला वेळ मिळेल तुला. लोक हसले. मी हसले नाही.

आईनं सगळं ऐकलं. मग ट्रंकेतून निळी साडी काढली आणि कोठीवरच्या स्विचवर पसरली. "लई धूळ बसती ह्याच्यावर," म्हणाली.

नेटवर्कच्या कामावर परत घ्या, असा अर्ज मी लेखी दिला आहे. उत्तर नाही. दुसरीकडंही अर्ज केले आहेत. परीक्षेची पुढची तारीख घेतली आहे. नापास झाले तर पुन्हा बसेन. खिडकीत बसून वाचते, एसटीत वाचते. लोक बघतात, बघू देत.

उपकार मी विसरणार नाही. पण त्यांची फेड ताट धरून होणार नाही. पुन्हा कुणी माझ्या हातात ताट दिलं, तर मी ते खाली ठेवीन. अध्यक्ष समोर उभे असले तरी.