रिकाम्या घराचा फोन

आमच्या शेजारच्या बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं ऑपरेटर होत्या. माणसांना नावानं हाक मारणं त्यांना कधी जमलंच नाही. मी सात नंबरात राहते म्हणून मी 'सात नंबर'. खालचे मास्तर 'तीन नंबर'. फक्त लेकीला त्या 'बाळ' म्हणत, आणि ती बाळ आता पंचेचाळीस वर्षांची आहे.

त्यांच्या नोकरीच्या काळात लांबच्या गावी बोलायचं तर ऑपरेटरकडून फोन लावून घ्यावा लागे. दर तीन मिनिटांनी ऑपरेटर मध्येच विचारी, 'तीन मिनिटं झाली, वाढवू?' बाकी वेळ तिनं लाइनवर कान ठेवायचा, तोंड उघडायचं नाही. लोक रडत, भांडत, मेल्याच्या बातम्या देत, आणि बाई मुक्या. दुसरा नियम असा की वाजलं की उचलायचं. रिटायर झाल्यावरही त्या आंघोळ अर्धी टाकून ओल्या पायांनी फोनकडे धावत, आणि निम्म्या वेळा तो राँग नंबर असे.

एकदा त्यांनी गॅसवर दूध ठेवलं आणि विसरल्या. पातेल्याचा कोळसा झाला. लेक धावत आली आणि स्वयंपाकघराच्या छताला धुराचा अलार्म लावून गेली. साधाच, पांढऱ्या बशीएवढा. धूर आला की जिवाच्या आकांतानं ओरडायचं, एवढंच त्याला येत होतं. बाईंना तो लगेच आवडला. मला वाटतं, त्या घरात आपल्यासारखं ड्यूटीवरचं कुणीतरी आलं असं त्यांना वाटलं असावं.

मग गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. महिनाभर लेकीकडे राहायचं होतं, बसनं नऊ तासांच्या अंतरावर. बाईंचा जीव अलार्ममध्ये अडकला.

"घर बंद आणि मी तिकडे," त्या म्हणाल्या. "तो ओरडला तर ऐकणार कोण?"

"मी आहे की भिंतीपलीकडे."

"तुझं मशीन चालू असतं."

ते खरंच होतं. मी दिवसभर शाळेचे गणवेश शिवते, आणि माझ्या मशीनपुढे तोफ उडाली तरी कळायची नाही. शेवटी बाईंनी मोबाइलच्या दुकानदाराला गाठलं. त्यानं त्यांच्या जुन्या मोबाइलमध्ये असं काहीतरी घालून दिलं, की अलार्मचा आवाज ऐकला की तो बाईंच्या नव्या मोबाइलवर मेसेज पाठवणार. अलार्मनं ओरडायचं, जुन्या मोबाइलनं ऐकायचं आणि बाईंना कळवायचं. तो मोबाइल चार्जरला जोडून साखरेच्या डब्याशेजारी फळीवर उभा केला. किल्ली माझ्याकडे, कारण कोरफडीच्या कुंडीला पाणी घालायचं होतं.

एका महिन्याचे चार झाले. गुडघा वाकेना. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही आणि जिने तीन. लेक म्हणायची, "जरा बरं वाटू दे, मग जा." बाई मला फोनवर विचारायच्या, "पायऱ्या तेवढ्याच आहेत ना गं?" जसं काही मी दोनचार कमी करून ठेवणार होते.

एके दिवशी सकाळी त्यांचा फोन आला. आवाज एक्स्चेंजमधला, सरळ आणि थंड. "सात नंबर, घरात अलार्म वाजतोय. जा."

सुई कापडात तशीच सोडून धावले. आत ना धूर ना वास. अलार्म मिनिटामिनिटाला एकदाच 'चीं' करून गप्प बसत होता. बॅटरी संपत आली की तो असा कुरकुरतो. मी स्टुलावर उभी राहून बाईंना तसं सांगितलं.

"बरं," त्या म्हणाल्या. आवाज एकदम आपल्या घरातला झाला. "आता तिथे आहेसच, तर पडदा कसा आहे ते सांग."

मी पडदा सांगितला. मग खिडकीच्या काचेची चीर, मग नळ गळतो का, मग भिंतीवरचं घड्याळ किती पुढे गेलं. स्टुलावर उभी राहून मी अर्धा तास त्यांना त्यांचंच घर सांगत होते. उद्या बॅटरी बदलते म्हटलं, तर म्हणाल्या, "घाई नको."

अकरा दिवस ते यंत्र कुरकुरत होतं. मला भिंतीतून ऐकू येत होतं, कारण मशीन थांबवलं की नेमकं 'चीं'. माझे दोन खिसे उलटे शिवले गेले. शेवटी मी चिडले.

"बाई, हे काय लावलंय? तुम्हाला तिकडे शांतता आणि माझ्या डोक्याला ताप."

त्या म्हणाल्या, "तो कितीदाही ओरडला तरी तासाला एक मेसेज येतो मला. घरात अलार्म वाजतोय, असा. इथे सगळे चांगले आहेत गं, पण मला हाक मारायला तेवढंच येतं तिकडून."

मी काहीतरी पुटपुटून फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी गुपचूप बॅटरी बदलली. माझंही डोकं आहे शेवटी. मेसेज बंद झाले. दोन दिवस बाईंचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी मला घास गोड लागेना.

अलार्मवर एक छोटं बटण असतं. ते दाबलं की तो नीट चालतो का ते कळतं. त्या शनिवारी सकाळी अकराला मी स्टुलावर चढले आणि ते दाबलं. सगळा जिना दणाणला. मिनिटभरात माझा फोन वाजला. बाई हसत होत्या. "कोण गं मेलं माझ्या घरात आग लावतंय?"

मग तो पायंडाच पडला. दर शनिवारी अकराला मी बटण दाबायचे, बाईंना मेसेज जायचा, त्यांचा फोन यायचा. खालचे मास्तर दोनदा तक्रार घेऊन वर आले. अलार्म दर आठवड्याला तपासायचाच असतो, असं मी त्यांना ठणकावून सांगितलं. बाईंना जाऊन सहा महिने झाले. एरवी कुंडीला पाणी घालायलाही मी अकराच्याच सुमाराला जायचे, आणि एव्हाना मला त्या रिकाम्या घराशी बोलायची सवय लागली होती. कोरफडीला रागवायचे, घड्याळाला टोमणे मारायचे, भांड्यांवरची धूळ पुसताना गायचे सुद्धा. रिकाम्या घरात काय, कुणी ऐकत नाही.

सातव्या महिन्यात लेकीचा फोन आला. "मावशी, डॉक्टरांनी जिने कायमचे बंद केलेत. महिनाअखेरीला घरमालकाला घर परत देतोय. आईला मी सावकाश सांगते. तोवर तुम्ही काही बोलू नका."

लेक वाईट नाही. सांगताना तिचाही आवाज फाटला होता. मी हो म्हटलं.

तो शनिवार मला कधी विसरता येणार नाही. अकरा वाजता स्टुलावर चढले, बोट बटणापर्यंत गेलं आणि पुढे जाईना. बाईंचा फोन येणार, त्या पायऱ्या विचारणार, आणि मी काय सांगणार होते? मी उतरले, ओट्याला टेकले आणि कुणालातरी सांगायलाच हवं म्हणून घरालाच सांगितलं.

"ती येत नाही आता," मी म्हटलं. "महिनाअखेरीला तुला मोकळं करणार आहेत. अजून तिला माहीतही नाही. मी तिला तोंड कसं दाखवू? ती नसली की मला या मजल्यावर माणूस नाही दुसरं." मग मी रडले. पदरानं डोळे पुसले, कुंडीला पाणी घातलं आणि बटण न दाबताच कुलूप लावलं. त्या दिवशी बाईंचाही फोन आला नाही.

सोमवारी लेकीचा आला. चिडली होती. "मावशी, शब्द दिला होतात तुम्ही. आई आज आपणहून म्हणाली, घर सोडून द्या."

मी शपथेवर सांगितलं की मी कुणापाशी अक्षर काढलेलं नाही. तिला ते पटलं नाही, आणि पटायचं तरी कसं? मी तडक बाईंना फोन लावला.

"तिचं काही ऐकू नकोस," बाई म्हणाल्या. "तू फक्त घराला सांगितलंस."

"आणि घरानं तुम्हाला सांगितलं?"

"तो जुना मोबाइल आहे ना फळीवर, त्याच्यावर फोन केला की तो न वाजता आपोआप उचलतो. तसा करून घेतलाय मी. रोज अकराला लावते. फ्रिज घरघरतो, घड्याळ वाजतं, भिंतीतून तुझं मशीन येतं. पंधरा-वीस मिनिटं ऐकत बसते आणि मग जेवायला उठते."

"आणि मी बोलायचे ते?"

"सगळं. कोरफडीला शिव्या कमी दे. आणि गाताना तुझा वरचा सूर लागत नाही."

मला हसू येईना आणि रागही पुरता येईना. सात महिने मी त्या घरात काय काय बडबडले असेन. "मग एकदा तरी बोलायचं की," मी म्हटलं.

"लाइनवर ऐकणाऱ्यानं बोलायचं नसतं." मग त्यांचा आवाज बारीक झाला. "शनिवारी बोलावंसं वाटलं गं. तू तिथे रडत होतीस. पण एकतीस वर्षांची सवय, तोंड उघडलंच नाही. म्हणून म्हटलं, घर तरी सोडून देऊ. तुला खोटं तरी बोलायला नको."

महिनाअखेरीला टेंपो आला. लेकीनं कपाट, पलंग, पेट्या, सगळं नेलं. कोरफड माझ्याकडे आली. अलार्म आणि फळीवरचा मोबाइल मी शेवटी काढते म्हटलं, म्हणून स्टूल तेवढं मागे ठेवलं. सगळे खाली गेल्यावर मी एकटीच आत गेले. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल राहिला होता. अकरा कधीच वाजून गेले होते.

मी स्टुलावर चढले आणि बटण दाबलं. रिकाम्या खोल्यांत तो आवाज फार मोठा झाला. मग थांबला.

"बाई," मी फळीकडे बघून म्हटलं, "ऐकताय का माहीत नाही. झालं हो सगळं. फ्रिज गेला, आता घरघर नाही यायची. नळ बंद केलाय. काचेची चीर आहे तशीच आहे." बोलता बोलता मी काय काय सांगत गेले, खिळे किती राहिले, दाराची कडी कशी अडकते, आणि मला त्यांची किती सवय झाली होती तेही. शेवटी सांगायला काही उरलं नाही, तरी मोबाइलला हात लावायचा धीर होईना.

फळीवरून आवाज आला. सरळ, थंड, एक्स्चेंजमधला. फक्त शेवटी किंचित हलला.

"सात नंबर, तीन मिनिटं झाली. वाढवू?"

"वाढवा," मी म्हणाले, आणि मोकळ्या फरशीवर बसले.