मिस्त्रींची कोरडी काठी

आमचे मिस्त्री विजेच्या फळ्याजवळ गेले की डावा हात पाठीमागे कमरपट्ट्यात खोचून ठेवायचे. नवखे लोक त्यांना थोटा समजत. निजामाच्या अमलात तलवाड्याच्या बाजूला वीज होती ती फक्त आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये, इंजिनाच्या डायनामोवर. मी वजनकाट्यावर होतो. एकदा विचारलं, "मिस्त्री, हात काहून बांधून ठेवता?"

"दोनी हात लावले की वीज काळजातून जाती. ह्यो हात घरच्यांसाठी ठेवलाय बे."

फळ्यासमोर उभं राहायला कोरडा पाट आणि शेजारी खिळ्याला वाळक्या बांबूची काठी, ही त्यांची व्यवस्था. रोज कुणाला तरी धरून ते बजावायचे, "कुनी चिकटला तर हात लावू नका. काठीनं ढकला. सख्खा भाऊ असला तरी." त्यांचा थोरला भाऊ हैदराबादेत असाच गेला होता, म्हणून शेवटचं वाक्य ते हळू बोलत. इंजिनाला तेल घालणारा गंगाराम त्या काठीला मिस्त्रींची दुसरी बायको म्हणायचा. मिस्त्री हसायचे, पण काठी जागेवर आहे हे पाहून मगच.

खंडेनवमीला यंत्रांची पूजा असे. पाणी शिंपडायचं, हळदकुंकू लावायचं, ओल्या झेंडूच्या माळा घालायच्या. त्या दिवशी मिस्त्री इंजिन बंदच ठेवत. त्या वर्षी मात्र मोठे अंमलदार यायचे होते आणि मालकांना दिव्यांचा लखलखाट दाखवायचा होता.

"मालक, समदीकडं पानी सांडलंय. आज नगं."

"घडीभराचं तर काम!" मालक म्हणाले.

दिवेलागणीला इंजिन सुरू झालं. मिस्त्रींनी फळ्याची पूजा होऊ दिली नव्हती. नव्या हंगामात तोच बिनपूजेचा राहिला, हे गंगारामच्या मनाला खात होतं. तो न्हाऊन, ओलेत्यानंच कुंकू घेऊन गेला आणि फळ्यावरच्या खटक्याच्या उघड्या तांब्याच्या पट्टीला बोट लावलं. मूठ तिथंच आवळली. ओरडताही येईना.

मिस्त्री धावले. हात खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता. दारातलं तोरण ताणायला कुणीतरी काठी नेली होती. वीज बंद करायचा खटका गंगारामच्याच मुठीत, इंजिन पार पलीकडच्या खोलीत. मिस्त्रींनी गंगारामला दोन्ही हातांनी कवेत धरून ओढलं. गंगाराम सुटून बाजूला पडला. मिस्त्री ओल्या फरशीवर पडले ते पडलेच. पाट कोरडाच राहिला.

मालक म्हणाले, नशीब. मला आजही त्या शब्दाचा संताप येतो. काठी खिळ्याला असती तर मिस्त्री रात्री घरी जेवले असते.

गंगाराम पुढं बरीच वर्षं तिथंच कामाला होता. पूजेला जाताना तो डावा हात कमरेत खोचायचा. तोरणातली काठी त्यानंच सोडवून परत टांगली होती. खंडेनवमीला तो तिला कोरडं कुंकू लावायचा. कुणी पाण्याचा तांब्या घेऊन जवळ आलं तर म्हणायचा, "तिला भिजवू नका. मिस्त्रींनी मला हात लावला तवा ती इथं नव्हती."